पीसी मंद झाला, पेनड्राइव्हचे शॉर्टकट झाले: व्हायरस आहे की दुसरंच काही, हे कसं ओळखायचं

तुमची अडचण मला समजली ती अशी. गुहागर तालुक्यात तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. डेस्कटॉप २०१६ साली घेतलेला, ४ जीबी रॅम, विंडोज १०, हार्ड डिस्क मूळचीच. पाऊस लागल्यापासून सकाळी मशीन चालू केलं की कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं घेतं. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावले की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. शिवाय स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘युवर पीसी इज इन्फेक्टेड’ अशी खिडकी सारखी वर येते. कोणी म्हणतं फॉरमॅट मारा, कोणी म्हणतं अँटिव्हायरस विकत घ्या.

आधी माझं मत सांगतो. ह्या तीन तक्रारींना बहुधा तीन वेगवेगळी कारणं आहेत. शॉर्टकट होतात म्हणजे व्हायरस आहे, त्यात शंका नको. कोपऱ्यातली खिडकी ही जवळजवळ नक्की ब्राउझरमधून येणारी जाहिरात. राहिला मंदपणा. तो ह्या दोघांमुळे असेल असं मला वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर ‘व्हायरस आलाय हो’ म्हणून जी मशीन दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनचं दुखणं शेवटी हार्ड डिस्कचं, अपुऱ्या रॅमचं किंवा पंख्यात बसलेल्या चिऱ्याच्या तांबड्या धुळीचं निघतं. अशा वेळी नुसतं फॉरमॅट मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

ह्याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे. पासवर्ड चोरणारे आजचे प्रोग्राम मशीन मंद करत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या नोंदी) उचलायच्या, बाहेर पाठवायच्या आणि कित्येकदा स्वतःला पुसून टाकायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते काही मिनिटांत उरकतं. म्हणजे मशीन सुसाट चालतंय म्हणून स्वच्छ आहे, असंही नाही. तुमच्याकडे लोक आधार, पॅन, बँकेचं पासबुक घेऊन येतात, तुमच्याच ब्राउझरमध्ये त्यांचे जीमेल उघडतात. म्हणून छडा लागेपर्यंत एक पथ्य पाळा: ह्या मशीनवर बँकेचं लॉगिन नको, ना तुमचं ना गिऱ्हाइकाचं. ज्याचा ओटीपी लागतो असा फॉर्म दोन दिवस थांबला तरी चालेल.

दुसरं पथ्य म्हणजे तपासणीआधी कामाच्या फाइलींची कॉपी. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर स्कॅनच्या ताणानेच ती बसू शकते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फक्त डॉक्युमेंट, फोटो, एक्सेल, टॅलीचा डेटा एवढंच घ्या. डाउनलोड केलेले सेटअप आणि चालणारे प्रोग्राम घेऊ नका. कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवा.

आता मंदपणा. पहिली गोष्ट इतकी साधी आहे की लोक ती करतच नाहीत: रिस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रिस्टार्ट. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठवला जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर ‘अप टाइम’ पाहा. तुम्ही रोज रात्री मशीन बंद करता, पण तिथे दहा-बारा दिवस दिसले तर नवल नाही. रिस्टार्टने तो शून्यावर येतो. निम्म्या किरकोळ कुरबुरी तेवढ्यानेच जातात.

त्याच पानावर आणखी एक आकडा बघा. ‘बेस स्पीड’ आणि आत्ताचा ‘स्पीड’. समजा बेस स्पीड ३.७ गिगाहर्ट्झ आहे, काम चालू आहे, सीपीयू भरलेला दिसतोय आणि स्पीड मात्र ०.८ वर अडकलाय. म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःला आवर घालतोय. कॅबिनेट उघडा. पावसाळ्यात आपल्याकडची धूळ सुटी राहत नाही, दमट हवेने पंख्यावर आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या) पात्यांत तिचा चिखल होऊन बसतो. नुसता ब्लोअर मारून तो निघत नाही, पंखा उतरवून ब्रशने काढावा लागतो आणि प्रोसेसरवरची पेस्ट नवीन लावावी लागते. आतमध्ये पालीचा संसार निघाला तर दचकू नका, ते नेहमीचंच. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खाऱ्या हवेने काळवंडले असतील तर वीज काढून, खोडरबराने हलकेच घासून, कोरड्या ब्रशने झाडून परत बसवा.

मग टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस पानावर या. मशीन चालू झाल्यावर लगेच पाहू नका, दहा मिनिटं जाऊ द्या, कारण सुरुवातीला सगळेच धावत असतात. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड प्रोग्राम वर येतो. तुमच्या मशीनवर मला अपेक्षित चित्र हे आहे: सीपीयू १५-२० टक्के, मेमरी ८५ च्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर लाल. हे व्हायरसचं चित्र नाही. चार जीबीमध्ये विंडोज, क्रोमचे आठ टॅब, प्रिंटरचं सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सॲप मावत नाही. मग विंडोज उरलेलं हार्ड डिस्कवर टाकतं आणि परत उचलतं, आणि फिरणाऱ्या जुन्या डिस्कला ते झेपत नाही.

यादीतल्या नावांना घाबरू नका. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर. नाव वाचून लोक ह्यालाच व्हायरस समजतात. ‘सर्व्हिस होस्ट’ ची पन्नास-साठ नावं असतात, तेही ठीक. संशय आला तर नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ करा. सर्व्हिस होस्टसारखी विंडोजची अस्सल फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये, बहुतेकदा सिस्टिम३२ मध्ये असते. सर्व्हिस होस्टची फाइल ॲपडेटा, टेम्प किंवा पब्लिक फोल्डरमध्ये सापडली, किंवा नावातली अक्षरं उलटसुलट असली, एस-व्ही-सी-होस्टच्या जागी एस-सी-व्ही-होस्ट असं काही, तर ती भामट्याची. आणि ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ हे नाव दिसलं तर तिथे थांबा, त्याच्याकडे खाली येतो.

चोरून नाणी काढणारा, म्हणजे तुमच्या विजेवर दुसऱ्याची क्रिप्टो कमावणारा प्रोग्राम मात्र खरोखर मशीन मंद करतो. त्याची खूण अशी की काही काम नसताना पंखा बोंबलतो आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतो. ह्यातले बरेच प्रोग्राम टास्क मॅनेजरवर नजर ठेवून असतात, तो उघडला की हात आखडता घेतात. म्हणून आकडे बघण्याआधी कान द्या.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. निळा ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ असेल आणि ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ समोर शून्याखेरीज काही असेल, तर मंदपणाचं कारण सापडलं. डिस्क खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघते आणि तोवर सगळं मशीन ताटकळत राहतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज दिवसातून कितीदा जाते हे मी सांगायला नको. लिहिता लिहिता वीज जाणं हे ह्या डिस्कना घातक. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही टिकत नसेल तर आधी ती बदला.

विजेवरून आठवलं. सकाळी मशीनची तारीख चुकीची, वर्षानुवर्षं मागची दिसते का? तसं असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही गोल बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, ‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येतो, अँटिव्हायरसची अपडेटही अडकते. सातबारा निघेना म्हणून लोक हेही व्हायरसच्या खात्यावर टाकतात.

कोपऱ्यातल्या खिडकीचं काम पाच मिनिटांचं आहे. कधीतरी कुठल्या साइटने नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलं आणि कोणीतरी ‘अलाऊ’ दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथल्या ‘अलाऊड’ यादीतली अनोळखी नावं काढून टाका. एज वापरत असाल तर त्यातही. मग एक्स्टेन्शनची यादी बघा आणि स्वतः न टाकलेलं सगळं काढा, विशेषतः पीडीएफ बदलणारी, कूपन देणारी आणि सर्च बदलणारी. त्या खिडकीवर क्लिक करू नका, तिथल्या नंबरवर फोन तर मुळीच नको. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं, दुरून मशीन चालवायचं काही टाकायला लावतो आणि मग मशीन त्याच्या हातात.

आता मुख्य प्रकरण, शॉर्टकट. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनने आतला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. २००८ साली पसरलेल्या कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने ह्याचा फायदा उठवला होता. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी हे बंद झालं आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी-व्हिस्टालाही तशी अपडेट दिली. तेव्हापासून ह्या व्हायरसना माणसाच्या क्लिकची गरज लागते. म्हणून ते तुमचे खरे फोल्डर लपवतात आणि त्याच नावाचा, त्याच चित्राचा शॉर्टकट समोर ठेवतात. तुम्ही क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डरही उघडतो, त्यामुळे काही बिघडल्याचं कळत नाही.

एकदा नीट बघाच. शॉर्टकटवर डबल क्लिक न करता राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’ ची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये फोल्डरचा पत्ता असतो. ह्यात सुरुवातच सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट (म्हणजेच वर सांगितलेला स्क्रिप्ट होस्ट) नाहीतर रनडीएलएल३२ ने होते आणि पुढे एखाद्या विचित्र नावाच्या फाइलीचा उल्लेख असतो. काही जातींमध्ये पेनड्राइव्हवर एकच शॉर्टकट दिसतो, पेनड्राइव्हच्याच नावाचा, आणि सगळा माल नाव नसलेल्या एका लपवलेल्या फोल्डरात गेलेला असतो. तुमच्या गिऱ्हाइकांना फाइली ‘डिलीट झाल्या’ असं वाटतं ते ह्यामुळे. त्या जागेवरच असतात.

क्रम चुकवू नका: आधी मशीन, मग पेनड्राइव्ह. उलटं केलंत तर साफ केलेला पेनड्राइव्ह पुढच्या मिनिटाला परत बाधित. सगळे पेनड्राइव्ह काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जा. तिथे स्क्रिप्ट होस्ट किंवा बनवणाऱ्याचं नाव नसलेली नोंद असेल तर ती डिसेबल करा. मग टास्क शेड्युलर उघडा, कारण चलाख व्हायरस स्टार्टअपमध्ये न राहता इथे दर काही मिनिटांनी स्वतःला उठवायची सोय करतात. प्रत्येक कामाचं ‘ॲक्शन’ बघा. डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा पॉवरशेल (लिहिलेल्या आज्ञा चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) चालवणारं आणि ॲपडेटामधल्या फाइलीकडे बोट दाखवणारं काम संशयास्पद. लगेच पुसू नका, फोटो काढा आणि डिसेबल करा. प्रिंटरवाल्यांनीही काही चमत्कारिक कामं टाकलेली असतात.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडा. स्कॅनच्या आधी ‘एक्सक्लूजन्स’ ची यादी बघा. म्हणजे डिफेंडरने कुठे बघायचं नाही त्याची यादी. बरेच व्हायरस आत शिरल्यावर पहिलं हे करतात, स्वतःचं फोल्डर ह्या यादीत घालतात. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला असला तर स्कॅन स्वच्छ येणारच! यादी रिकामी करा. आणि घरच्या मशीनवर ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं येत असेल व डिफेंडर चालूच होत नसेल, तर ती सेटिंग कोणीतरी मुद्दाम बदललेली आहे.

आता स्कॅन ऑप्शन्समधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी स्कॅन होतो, त्यामुळे व्हायरसला लपायला किंवा अडवायला संधी मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट पंधरा मिनिटं सांगतं, तुमच्या डिस्कवर जास्त धरा. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ मध्ये दिसतो. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चालवा. तो डाउनलोड केल्यापासून दहाच दिवस चालतो, नंतर नवीन घ्यावा लागतो. किंवा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती. मात्र एका वेळी कायमस्वरूपी अँटिव्हायरस एकच. दोन बसवलेत तर ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि मंदपणाला तेवढंच कारण पुरतं. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेतर्फे फेब्रुवारी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालतं. तिथेही साफसफाईची फुकट साधनं मिळतात. पेनड्राइव्हवर लगाम ठेवणारं सी-डॅक ह्या सरकारी संगणक संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ आहे, ते तुमच्यासारख्या दुकानाला उपयोगाचं.

मशीन साफ झालं हे कसं कळणार? एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या, फॉरमॅट करा, त्यात एक फोल्डर आणि दोन फालतू फाइली टाका. लावून पाच मिनिटं ठेवा, काढा, परत लावा. फोल्डर फोल्डरच राहिला तर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हकडे वळा. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ची खूण काढा. फिकट दिसणारे फोल्डर खरे. त्यांच्या आतल्या फाइली नवीन फोल्डरात घ्या, स्कॅन करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि फाइली परत टाका. त्याच ऑप्शन्समध्ये ‘हाइड एक्स्टेन्शन्स’ ची खूणही काढून ठेवा, म्हणजे फोल्डरचं चित्र लावून आलेला प्रोग्राम ओळखू येईल.

एक विचारायचं राहिलं. विंडोज, ऑफिस किंवा फोटोचं सॉफ्टवेअर ‘ॲक्टिव्हेट’ करायला कोणी फुकटचं क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडणारा प्रोग्राम) टाकलं होतं का? ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत यायचा सगळ्यात मोठा दरवाजा तोच. उत्तर हो असेल तर साफसफाईवर मी भरवसा ठेवणार नाही. तिथे डेटा बाजूला काढून, डिस्क पूर्ण पुसून, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतलेली विंडोज नव्याने टाकणं हाच मार्ग, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवायचा. पासवर्डही दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदलायचे. नुसते बदलून भागत नाही, कारण चोरलेल्या कुकीजवर जुनं लॉगिन चालू राहू शकतं. गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये ‘युवर डिव्हाइसेस’ मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा. ज्या गिऱ्हाइकांची लॉगिन तुमच्या ब्राउझरमध्ये साठली आहेत त्यांनाही कळवा. अवघड वाटेल, पण कळवा. कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

आणि मशीनवर खर्च करायचा का? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन २०१६ चं, म्हणजे इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. माझा सल्ला: एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा आणि त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) बसवून ते मशीन फक्त पेनड्राइव्ह उघडणं, प्रिंट आणि स्कॅन एवढ्यासाठी ठेवा. आधी तुमचा प्रिंटर त्यावर चालतो का ते पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून बघता येतं, काही बसवावं लागत नाही. आणि तेव्हा मशीन चपळ वाटलं, तर मंदपणा जुन्या डिस्कचा किंवा विंडोजचा होता हेही कळेल. विंडोजचे शॉर्टकट व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत. फॉर्म, ओटीपी आणि बँकेची कामं दुसऱ्या, नव्या मशीनवर, ज्याला गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह कधीच लागणार नाही.